भूतानचे दोन हजार कोटी आणि न विचारलेला प्रश्न

दर फेब्रुवारीत केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्याच दिवशी एक यादी फिरू लागते. भूतानला इतके कोटी, नेपाळला इतके, मग मालदीव, मॉरिशस, श्रीलंका, म्यानमार. यादीखाली बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: आमच्या शेतकऱ्याला द्यायला पैसे नाहीत, परक्यांना वाटायला मात्र आहेत. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात खोट असते असं मला वाटत नाही. ज्याने मराठवाड्यात किंवा विदर्भात कर्जापायी मोडलेलं घर पाहिलं आहे, त्याला ही यादी टोचणारच. त्याच्या संतापाचा मला आदर आहे. पण त्या संतापातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. शिवाय त्या निष्कर्षामुळे परदेशी मदतीबद्दल जो प्रश्न खरोखर विचारायला हवा, तो आपल्याकडे कोणी विचारतच नाही.

आधी आकड्यांचं बोलू. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात परदेशांना मदत म्हणून ५,४८३ कोटी रुपये ठेवले होते. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानसाठी, ७०० कोटी नेपाळसाठी, ६०० कोटी मालदीवसाठी. केंद्राचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांतले साधारण अकरा पैसे. मुंबई महानगरपालिकेचा त्याच वर्षाचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, देशाच्या साऱ्या परदेशी मदतीच्या साडेतेरा पट. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने जाहीर केलेली शेतकरी कर्जमाफी ३४,०२२ कोटींची होती. जगभरातली सगळी मदत सहा वर्षांहून अधिक काळ बंद ठेवली असती, तर ती एक कर्जमाफी जेमतेम भागली असती. तेही एका राज्यापुरती, एकदाच. शेतमालाचा भाव, सिंचन, पीक विमा, सावकारी हे प्रश्न जिथल्या तिथेच राहिले असते. शेतकऱ्याची दैना भूतानमुळे झालेली नाही. झाली आहे असं सांगणारा माणूस कळत-नकळत खऱ्या जबाबदारांची सुटका करतो.

रक्कम लहान आहे म्हणून चालवून घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा अकरा पैसे असला तरी त्याचा हिशेब लागतो. त्या हिशेबाकडे मी येणार आहेच. त्याआधी या आक्षेपाच्या मुळाशी असलेल्या दोन समजुती तपासल्या पाहिजेत, कारण त्यांच्यावरच सगळा डोलारा उभा आहे.

पहिली समजूत अशी की मदत देणं हे श्रीमंत देशांचं काम. आधी पोटोबा, मग विठोबा. आपली गरिबी संपली की मग बघू. इतिहासात तसं घडलेलं नाही. जानेवारी १९५० मध्ये कोलंबोत राष्ट्रकुलातल्या देशांचे परराष्ट्रमंत्री जमले आणि त्यातून कोलंबो योजना उभी राहिली, तेव्हा भारत तिच्या संस्थापकांपैकी एक होता. या योजनेतून आपल्याला बरंच मिळालं. दिल्लीच्या एम्सची उभारणी न्यूझीलंडच्या पैशाने सुरू झाली. मुंबईत ट्रॉम्बेला सायरस अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली. योजनेबाहेरूनही मिळालं: पवईची आयआयटी युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर वाढली. नेमक्या याच काळात भारत दुसऱ्यांना देतही होता. १९५४ साली काठमांडूत भारतीय मदत मिशन सुरू झालं आणि आपल्या अभियंत्यांनी काठमांडूला तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ बांधला. १९६१ साली भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, तिचा सगळा खर्च भारताने उचलला. १५ सप्टेंबर १९६४ रोजी परदेशी अधिकारी-तंत्रज्ञांना भारतात प्रशिक्षण देणारा आयटेक कार्यक्रम सुरू झाला, तो आजही चालू आहे. धान्यासाठी जहाजांची वाट पाहणाऱ्या देशाने हे सारं केलं. त्या पिढीला घेण्यात कमीपणा वाटला नाही आणि देण्यासाठी तिने श्रीमंतीची वाटही पाहिली नाही.

आपण वेगळे होतो असंही नाही. जपान १९५४ साली कोलंबो योजनेत सामील झाला, तेव्हा युद्धात जळलेली शहरं अजून उभी राहायची होती. जपानने सवलतीच्या व्याजाचं पहिलं येन कर्ज दिलं ते १९५८ साली, भारताला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६१ साली, याच जपानने आपल्या पहिल्या शिंकान्सेन रेल्वेमार्गासाठी जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. जागतिक बँकेच्या अशा कर्जांचा शेवटचा हप्ता जपानने १९९० साली फेडला. म्हणजे तीस-बत्तीस वर्षं जपान एका हाताने देत होता आणि दुसऱ्या हाताने जुनं कर्ज फेडत होता. आज शिवडीहून न्हावा-शेव्याकडे अटल सेतूवरून जाणारा किंवा कुलाब्याहून आरेकडे भुयारी मेट्रोने जाणारा मुंबईकर ज्या जपानी कर्जाचा उपयोग करतो, त्या कर्जव्यवस्थेची सुरुवात अशी बेताच्या परिस्थितीत झाली होती. दक्षिण कोरियाने मदतीच्या कर्जांचा निधी १९८७ साली काढला. तो देश स्वतः जागतिक बँकेच्या कर्जदारांच्या यादीतून बाहेर पडला १९९५ साली. द्यायला शिकायचं असेल तर ते देता-देताच शिकावं लागतं. पैसा साचल्यावर व्यवस्था आपोआप उगवल्याचं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरी समजूत अधिक खोल रुजलेली आहे. शेजारी उपकार विसरतात, मग द्यायचं कशाला? मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’च्या घोषणा झाल्या. नेपाळ नकाशा बदलून भांडतो. अफगाणिस्तानात आपण तीन अब्ज डॉलर ओतले आणि २०२१ साली तालिबान आले. हा युक्तिवाद करणाऱ्याने क्षणभर आपल्याच घराकडे पाहावं. पीएल-४८० कायद्याखाली आलेला अमेरिकी गहू आपण वर्षानुवर्षं खाल्ला. १९६६ साली देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. म्हणून व्हिएतनामच्या युद्धाबद्दल आपण गप्प बसलो का? नाही बसलो. अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाच्या जहाजांना महिन्या-महिन्याच्या हिशेबाने परवानगी द्यायला सुरुवात केली. ती नाचक्की दिल्लीच्या राज्यकर्त्यांच्या जिव्हारी लागली आणि हरितक्रांतीची घाई वाढण्यामागे तेही एक कारण होतं. अमेरिकेत तेव्हा आपल्याला कृतघ्न म्हणणारे पुष्कळ होते. ते चुकीचे होते, असं आपण आजही मानतो. मग तोच शब्द माले किंवा काठमांडूसाठी वापरताना आपल्याला अडखळायला हवं.

मदतीने निष्ठा विकत मिळत नाही. ज्या दिवशी ती मिळेल, त्या दिवशी तिला मदत म्हणता येणार नाही. हेरात प्रांतातलं सलमा धरण ४ जून २०१६ रोजी सुरू झालं. ४२ मेगावॅट वीज आणि हजारो हेक्टरांना पाणी, हा त्याचा हेतू. काबूलमधली सत्ता बदलली म्हणून हरीरूद नदीकाठच्या शेतकऱ्याची तहान बदलत नाही. जरंज ते देलारामचा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधला आणि त्यासाठी आपल्या माणसांनी जीव गमावले. त्या रस्त्याचं मोल काबूलच्या गादीवर कोण बसलं यावरून ठरवणं, हा त्या मृतांवरही अन्याय आहे.

भूतानबद्दल तर हा आक्षेप वस्तुस्थितीलाही धरून नाही. ३३६ मेगावॅटचा चुखा जलविद्युत प्रकल्प भारताने साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज देऊन उभारला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो चालू झाला. तिथली जादा वीज भारतात आली, तिच्या पैशातून भूतानचं सरकार चाललं आणि कर्जही फिटलं. त्याच सूत्राने १,०२० मेगावॅटचा ताला प्रकल्प उभा राहिला. दक्षिण आशियात दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या फायद्याचं इतकं मोठं काम क्वचितच केलं असेल. या कामाची ओळख जर आपल्या माणसाला फक्त ‘दोन हजार कोटी’ एवढीच असेल, तर तो दोष यादी फिरवणाऱ्याचा कमी आणि न सांगणाऱ्यांचा जास्त.

इथून मला दुसऱ्या बाजूकडे वळायचं आहे, आणि माझं खरं भांडण या दुसऱ्या बाजूशी आहे.

परदेशी मदतीचा कैवार घेणारे दिल्लीत पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं साधारण असं: भारताची मदत शेजाऱ्याच्या मागणीप्रमाणे असते, अटी लादत नाही. ती परराष्ट्रधोरणाचा भाग आहे, त्यामुळे तिचा फार गाजावाजा नको. स्वतंत्र कायदा, स्वतंत्र संस्था, जाहीर मूल्यमापन ही पाश्चात्त्यांची पद्धत. त्यात लवचिकता जाते. मागणीनुसार देण्याचं तत्त्व चांगलंच आहे, आणि अटी न लादण्याचा मला अभिमान आहे. पण या तत्त्वांच्या आडून जे मागितलं जातं, ते म्हणजे न विचारण्याची सवलत.

आपल्या व्यवस्थेचा प्रवास पाहा. २००३ सालच्या अर्थसंकल्पात जसवंत सिंह यांनी मोठा निर्णय जाहीर केला. बहुतेक लहान देशांकडून द्विपक्षीय मदत घेणं थांबवायचं, काही अतिगरीब देशांची कर्जं माफ करायची आणि आपली मदत एका नव्या उपक्रमाखाली आणायची. त्यातून पुढे आयात-निर्यात बँकेमार्फत सवलतीची कर्जं देण्याची ‘आयडियाज’ योजना आली. २००७ साली चिदंबरम यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात भारतीय आंतरराष्ट्रीय विकास सहकार्य संस्था स्थापण्याचा प्रस्ताव मांडला. ती संस्था उभी राहिलीच नाही. जानेवारी २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात ‘विकास भागीदारी प्रशासन’ नावाचा विभाग निघाला. विखुरलेली कामं एका छताखाली येणं हे पाऊल पुढचंच होतं. पण तो मंत्रालयातला एक विभाग आहे. त्यामागे कायदा नाही. या कामाचा स्वतंत्र केडर नाही. परराष्ट्रसेवेतला अधिकारी तिथे येतो, काही वर्षं काढतो, धरणं-रस्ते-इस्पितळं यांचं अवघड शास्त्र समजू लागेपर्यंत त्याची बदली दुसऱ्या राजधानीत झालेली असते. त्या अधिकाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण त्यांची समज साठवून ठेवणारी जागाच आपण तयार केलेली नाही.

आणि अर्थसंकल्पातली ती यादी तर चित्राचा निम्मा भागही नाही. आपल्या मदतीचा मोठा हिस्सा मुंबईतून, कफ परेडच्या आयात-निर्यात बँकेतून जातो. साठाहून अधिक देशांना तीस अब्ज डॉलरच्या आसपास कर्जमर्यादा या बँकेमार्फत मंजूर झाल्या आहेत. या कर्जातून होणाऱ्या खरेदीपैकी सर्वसाधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात. बाजारातला व्याजदर आणि सवलतीचा दर यांतला फरक केंद्र सरकार बँकेला भरून देतं. कर्जदार देश बुडाला तर हमीही सरकारचीच. म्हणजे खरा भार करदात्यावर आहे, पण तो भूतान-नेपाळच्या यादीत दिसत नाही. यादी वाचून चिडणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं, आणि ‘आमची मदत अटींशिवाय असते’ असं सांगणारे ही ७५ टक्क्यांची अट आठवणीने वगळतात. भारतीय कंपन्यांना काम मिळावं यात मला गैर काही दिसत नाही. जपाननेही वर्षानुवर्षं तेच केलं. गैर आहे ते हे की कोणत्या देशातलं कोणतं काम कोणत्या कंपनीने किती वर्षांत पुरं केलं आणि ते आज चालू आहे का, हे भारताच्या नागरिकाला एका जागी कुठेही वाचायला मिळत नाही.

याचे परिणाम पाहायचे तर पुन्हा भूतानमध्येच जाऊ. पुनात्सांगछू-१ हा १,२०० मेगावॅटचा प्रकल्प २००८ च्या अखेरीस सुरू झाला. खर्चाचा मूळ अंदाज साडेतीन हजार कोटींचा. जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला. पुढची कित्येक वर्षं तो डोंगर थोपवण्यात आणि धरण तिथेच बांधावं की जागा बदलावी या वादात गेली. सुधारित खर्च ९,३७५ कोटींवर गेला. चुखाच्या वेळी अनुदान जास्त आणि कर्ज कमी होतं. इथे ते उलटं होतं: चाळीस टक्के अनुदान, साठ टक्के कर्ज. त्यामुळे उशिराचं व्याज त्या छोट्या देशाच्या डोक्यावर चढत गेलं. तुम्हाला हिमालयातल्या डोंगरांचा स्वभाव माहीत असेल तर भूस्खलनाचं आश्चर्य वाटणार नाही. पण धरणाच्या जागेची निवड कोणत्या तपासणीवर झाली, इशारे होते का, असले तर कोणी दुर्लक्षिले, याचं भारताच्या संसदेपुढे सविस्तर, जाहीर उत्तर आलं का? शेजारच्या मैत्रीचा प्रश्न आहे, नाजूक विषय आहे, असं म्हणून सगळे गप्प राहिले. या गप्प बसण्याने मैत्रीचं नुकसानच झालं. थिंफूमध्ये भारताच्या जलविद्युत सूत्राबद्दल शंका याच काळात वाढल्या.

म्यानमारच्या कलादान प्रकल्पाची कथा वेगळी नाही. मिझोरामला सित्तवे बंदरामार्फत समुद्राशी जोडण्याचा करार २००८ साली झाला. अंदाज ५३६ कोटींच्या आसपास होता, २०१५ पर्यंत तो २,९०४ कोटींवर गेला. सित्तवे बंदरात पहिलं मालवाहू जहाज मे २०२३ मध्ये लागलं. पण पलेत्वापासून मिझोरामच्या सीमेपर्यंतचा रस्ता राहिलेलाच होता, आणि जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा आराकान आर्मी या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं. यादवीसाठी कोणी दिल्लीला दोष देणार नाही. रस्त्याची लांबी, वाटेतला भूभाग आणि खर्च यांचा सुरुवातीचा अंदाज इतका कसा चुकला, हा मात्र दिल्लीचा प्रश्न आहे. तो लिहून ठेवला नाही, तर पुढच्या प्रकल्पात तीच चूक होईल.

लवचिकतेच्या नावाखाली नियमच न ठेवण्याची किंमत २०२१ साली आपण मोजली. २० जानेवारीला पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डचे दीड लाख डोस भूतानला आणि एक लाख मालदीवला रवाना झाले. महाराष्ट्रातल्या माणसाला त्या दिवशी अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. पुढच्या काही महिन्यांत सहा कोटींहून जास्त डोस बाहेर गेले. त्यातले भेट म्हणून दिलेले सुमारे एक कोटी. बाकीचे कंपनीने विकलेले किंवा कोव्हॅक्स योजनेतले. मग दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. माणसं खाटेविना मरत असताना ती थांबवणं समजण्यासारखं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोणत्या वेळी कोणता साठा थांबवायचा, ज्या देशांनी पैसे मोजले आहेत त्यांचं काय, आफ्रिकेतल्या ज्या देशांची सगळी भिस्त पुण्याच्याच कारखान्यावर आहे त्यांना किती आधी कळवायचं, याचा नियमच नव्हता. नेपाळने विकत घेतलेले डोसही अर्ध्यावर अडकले. देताना ज्यांनी आपली वाहवा केली, त्यांनीच थांबवल्यावर दूषणं दिली. काय झालं तर पुरवठा थांबेल, हे आधीच लिहून दिलं असतं तर यातली बरीच कटुता टळली असती.

आपण शिकूच शकत नाही असंही नाही. २००९ साली श्रीलंकेतलं युद्ध संपल्यावर उत्तर आणि पूर्व भागातल्या उद्ध्वस्त तमिळ कुटुंबांसाठी भारताने पन्नास हजार घरांची योजना हाती घेतली. पहिली हजार घरं कंत्राटदारांकडून बांधून घेतली. पण पुढच्या मोठ्या टप्प्यात, २ ऑक्टोबर २०१२ पासून, पद्धत बदलली. प्रत्येक कुटुंबाला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, तेही जोतं, भिंती, छप्पर अशा टप्प्यांप्रमाणे थेट बँकेच्या खात्यात. घर कसं हवं ते कुटुंबाने ठरवायचं, बांधकाम त्यानेच उभं करायचं. चाळीस हजारांहून अधिक घरं या पद्धतीने उभी राहिली. भारतीय मदतीतलं हे मला सर्वांत सुंदर काम वाटतं. इथे कोणीतरी पहिल्या टप्प्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि पद्धत बदलण्याचं धाडस केलं. माझं दुःख एवढंच आहे की हे शहाणपण त्या एका योजनेपुरतं, त्या काही अधिकाऱ्यांपुरतं राहिलं. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कामापर्यंत ते नेमाने पोचवणारी वाट नाही.

कायद्याने काय होतं, हे ब्रिटनमधल्या एका जुन्या प्रकरणातून दिसतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस थॅचर सरकारने मलेशियाला पेरगाऊ धरणासाठी मदतीचं आश्वासन दिलं. मागे शस्त्रविक्रीचा व्यवहार होता. ब्रिटनच्या परदेशी विकास खात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांनी हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या चुकीचा आहे, असा लेखी आक्षेप नोंदवला. मंत्र्यांनी लेखी आदेश देऊन तो बाजूला सारला. पण आक्षेप कागदावर होता. १९९३ साली राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात तो उघड झाला, संसदेच्या समित्यांनी सुनावण्या घेतल्या आणि एक स्वयंसेवी संघटना उच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यायालयाने ती २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत बेकायदा ठरवली. कारण १९८०च्या कायद्यात मदतीचा हेतू लिहिलेला होता आणि हे धरण त्यात बसत नव्हतं. पुढे २००२च्या कायद्याने गरिबी कमी करणं हा ब्रिटिश मदतीचा हेतू म्हणून पक्का केला. भारतात उद्या असाच एखादा व्यवहार झाला, तर तो तपासायला न्यायालयाकडे कोणतं कलम आहे? मदतीचा हेतू कुठल्या कायद्यात लिहिला आहे? कुठेच नाही.

यावर हमखास येणारं प्रत्युत्तर मला ठाऊक आहे. ब्रिटनने २०२० साली आपलं विकास खातं परराष्ट्रखात्यात विलीन केलं आणि मदत कमी केली. अमेरिकेने १९६१ साली उभारलेली यूएसएड २०२५ साली मोडीत काढली. मग मरणपंथाला लागलेल्या व्यवस्थेची नक्कल आपण कशाला करायची? हे प्रत्युत्तर चलाख आहे, पण त्यातून उलटा धडा मिळतो. यूएसएड बंद झाली तेव्हा आफ्रिकेतल्या दवाखान्यांत औषधांचा पुरवठा अचानक तुटला. दुसऱ्याचं जगणं ज्याच्यावर उभं आहे ते काम एका सरकारच्या मर्जीवर सोडलं की काय होतं, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे तर त्या मर्जीला आज कसलाच बांध नाही. आणि वॉशिंग्टनसारखी हजारो माणसांची संस्था उभारा, असं मी म्हणतच नाही. जपानचं उदाहरण इथेही उपयोगी पडतं. तिथे परराष्ट्र, अर्थ, व्यापार आणि नियोजन या चार खात्यांची मदतीवरून वर्षानुवर्षं ओढाताण चालली. १९८६ साली फिलिपिन्समध्ये मार्कोस यांची सत्ता गेली आणि जपानी मदतीच्या कंत्राटांतली दलाली दाखवणारी कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा जपानची संसद आणि वर्तमानपत्रं खडबडून उठली. १९९२ साली मंत्रिमंडळाने मदतीची सनद केली. २००८ साली कर्ज, अनुदान आणि प्रशिक्षण एका जायका संस्थेत आणलं. सुरुवातीपासून तिथे पोचायला चोपन्न वर्षं लागली. जपानकडे आजही ब्रिटनसारखा कायदा नाही. पण सनद आहे, आणि प्रकल्प संपल्यावर काही वर्षांनी तिथे जाऊन काय टिकलं, काय मोडलं हे लिहून प्रसिद्ध करण्याची रीत आहे. मुंबईच्या एखाद्या प्रकल्पाबद्दल जपानी करदात्याला जेवढं वाचायला मिळतं, तेवढं पुनात्सांगछूबद्दल भारतीय करदात्याला मिळत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. अनुदान, कर्जमर्यादा, व्याजाची भरपाई, प्रशिक्षण हे सारं एकत्र दाखवणारं एक विवरण दरवर्षी संसदेपुढे यावं. मोठ्या प्रत्येक प्रकल्पाचा पूर्णत्वाचा अहवाल, शेजारी देशाच्या संमतीने, प्रसिद्ध व्हावा. मदत कशासाठी द्यायची आणि कशासाठी कधीच द्यायची नाही, हे सांगणारा दोन पानांचा का असेना, कायदा असावा. विकास भागीदारी विभागात काही माणसं अशी असावीत की त्यांची सारी नोकरी याच कामात जाईल. यातल्या एकाही गोष्टीने गुप्तता धोक्यात येत नाही, चीनला फायदा होत नाही, शेजाऱ्याचा मान कमी होत नाही. भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी भारताने दहा हजार कोटी कबूल केले आहेत. तो पैसा द्यायलाच हवा, आणि तो कसा वापरला गेला हे भूतानच्या नागरिकाइतकंच आपल्यालाही कळायला हवं.

परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती दरवर्षी मंत्रालयाच्या मागण्या तपासते. या समितीच्या अहवालांतही मदतीच्या रखडलेल्या प्रकल्पांचा विषय आलेला आहे. मंत्रालय त्यावर उत्तरं देतं, फायली पुढे सरकतात आणि चर्चा तिथेच थांबते, कारण सभागृहाबाहेर कोणाला त्यात रस नसतो. मदतीवर रागावलेल्या नागरिकाने इथे रस घ्यायला हवा. महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत जातात. पुनात्सांगछू-१ च्या मुख्य धरणाचं काम पुन्हा सुरू करायचं भारत आणि भूतानने आता ठरवलं आहे, म्हणजे नव्याने पैसा लागणार. पुढच्या फेब्रुवारीत ती यादी फिरवण्याआधी आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा: साडेतीन हजार कोटींचे नऊ हजार तीनशे पंचाहत्तर कोटी झाले, ते कोणत्या निर्णयामुळे? धरणाची जागा कोणी आणि कशाच्या आधारावर मंजूर केली? आणि आता त्याच डोंगरापाशी पुन्हा काम सुरू करताना वेगळं काय केलं जाणार आहे?